"पावडर सुटली आणि गोळी लागली, मग फरक काय पडला ओ?"

गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्याकडं आली होती. पिशवीतनं गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, पावडर सुटली आणि ही गोळी लागली, फरक काय पडला ओ? एक नशा काढून दुसरी घातली की तुम्ही." पावडर म्हणजे गर्द, हेरॉइन; आणि गोळी म्हणजे ते सोडवायचं औषध. हा प्रश्न मला इतक्या घरांतनं येतो की शेवटी लिहायलाच बसले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पोरगं ट्रकवर होतं, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंगचा माल मुंबईला न्यायचं. कंबरदुखीसाठी आधी गोळ्या, मग कुणीतरी पन्नीवर गर्द ओढायला दिला, आणि दोन वर्षांत ट्रक गेला, आईच्या पाटल्या गेल्या. तो सांगायचा, "मॅडम, शेवटी मजा कसली, नुसतं उभं राहायला ओढायचो." चार-सहा तास झाले की जांभया, नाक गळणं, पाय ओढणं, जुलाब. ती टर्की, नशा उतरल्यावरचा त्रास. मग परत पैसे, परत पन्नी, दिवसातनं चार वेळा.

डॉक्टरांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, हीच ती गोळी. पहिल्या दिवशी टर्की नीट सुरू होईपर्यंत बाकावर बसवून ठेवला होता, कारण अंगात गर्द असताना ही गोळी दिली तर त्रास एकदम उसळतो. मेथाडोन हे याच कामाचं दुसरं औषध, ते पातळ असतं, पाजतात, आपल्याकडं मोजक्याच सेंटरवर मिळतं. न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोल आणि डॉ. निसवांडर यांनी १९६५ साली त्यावरचा अभ्यास छापला, आणि २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. मेंदूत गर्द जिथं जाऊन बसतो तिथंच ही बसतात, पण सावकाश आणि बराच वेळ, त्यामुळं डोस नीट बसला की दिवसभर टर्की येत नाही आणि किकही बसत नाही.

हे सगळं मी त्या माऊलीला तेव्हाच सांगितलं होतं. ती मान हलवत होती आणि मला वाटलं, समजलं. तिला कशाची भीती वाटतीय हे मी विचारलंच नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. घरात लेकीचं लग्न ठरलेलं, पाहुण्यांना गोळी दिसली तर काय सांगायचं ही तिची खरी काळजी होती. त्यात मामा म्हणाले, "पोरगं ठणठणीत हाय, आता कशाला गोळी?" झालं, पाचव्या महिन्यात एका दिवसात बंद.

आठव्या दिवशी त्यानं परत ओढलं. पुढं एका रात्री जुन्या सवयीनं जुन्याच मापात घेतलं, पण एवढं पेलायची अंगाची सवय मोडली होती. बाथरूमचं दार फोडलं तेव्हा ओठ निळे पडले होते, श्वास मिनिटाला दोन-तीन. दवाखान्यात नॅलोक्झोनचं, म्हणजे गर्दाचा असर उलटवणारं, इंजेक्शन मिळालं म्हणून आज तो आहे. औषध चालू असताना मरणाचा धोका निम्म्याहून कमी होतो आणि बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते, घरातल्या सगळ्यांना बसवून.

दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला म्हटलं, "काकी, गोळी राहू दे बाजूला, त्या पाच महिन्यांत पोरगं कसं होतं ते सांगा." बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पगार हातात आणून द्यायचं. मोबाईल कपाटात कुलपात ठेवायला लागायचा नाही. बापाला रंकाळ्यावर फिरवायचं." हाच फरक, काकी. शरीराला औषधाची सवय लागते हे खरंय, कुणी लपवू नये, पण सवय लागणं वेगळं आणि नशेपायी घर विकणं वेगळं. बद्धकोष्ठता होते, घाम येतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर श्वास थांबू शकतो, मेथाडोनमध्ये तर जास्तच, आणि घरात लेकरं असतील तर औषध कुलपातच ठेवा. बंद कधी करायचं? काहींना वर्षभरानं, काहींना कित्येक वर्षं, पण डॉक्टरांबरोबर ठरवून, हळूहळू कमी करत. लग्नाची तारीख बघून नाही. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

तो परत औषधावर आहे, आता उद्यमनगरात लेथवर बसतो. परवा त्यांच्या घरी गेले होते. गोळी जिभेखाली ठेवली की विरघळेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून त्यानं मला हातानंच बसा म्हटलं. शेजारीण आली आणि त्याला काहीतरी विचारायला लागली तर आतनं काकी म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा ओ, औषध घेतंय ते," आणि चहाचं आधण ठेवलं.