काच नवी, पाणी आत, भरपाई कोणाकडून?

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. मे महिन्यात पूर्व द्रुतगती मार्गावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि आमच्या गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला. ओळखीच्या एकाने सांगितलेल्या घाटकोपरच्या दुकानात काच बदलून घेतली. ९,५०० रुपये दिले, सहा हजार यूपीआयने आणि बाकीचे रोख. हातात आली ती साधी चिठ्ठी. तिच्यावर खाली छापले आहे, ‘गाडी दुकानाबाहेर गेल्यावर तक्रार चालणार नाही.’ जूनमध्ये पाऊस लागल्यावर डाव्या बाजूचे कार्पेट ओले राहू लागले, कुबट वास सुटला. आता पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंगही बंद पडले आहे. सर्व्हिस सेंटरने ६८,००० रुपयांचे एस्टिमेट दिले. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही गाडी साचलेल्या पाण्यातून घातली असणार. फार तर सिलिकॉन मारून देतो, फुकट.’ विमा एजंट म्हणतो, गाडी पाण्यात अडकली असे लिहा, क्लेम बसेल. याच गाडीने सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. काय करू?

उत्तर:

ताई, कायद्याचे पुढे बोलू. आधी सासूबाईंना या गाडीतून नेणे थांबवा. समोरची काच फक्त वारा-पाऊस अडवायला नसते. ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने, म्हणजे काच चिकटवण्याच्या घट्ट रबरी गोंदाने, गाडीच्या बॉडीला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेवर टेकूनच प्रवाशासमोर येते. काचेच्या कडेने पाणी आत येत असेल, तर तिथे सीलंटची पट्टी सलग नाही. बाकीची किती घट्ट धरली आहे, हे काच काढल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तोवर रिक्षा किंवा टॅक्सीने जा. प्रत्येक फेरीची पावती किंवा ॲपवरचे बिल ठेवा आणि हॉस्पिटलच्या डायलिसिसच्या तारखांचा कागद त्याला जोडा. हा खर्च भरपाईत मागता येतो. गाडी छपराखाली उभी करा आणि मेकॅनिककडून बॅटरीची जोडणी सोडवून घ्या, म्हणजे ओल्या वायरिंगचे नुकसान आणखी वाढणार नाही.

आता एजंटचा सल्ला. तो अजिबात ऐकू नका. खोटे लिहिल्यामुळे क्लेम फेटाळला जाऊ शकतो, हे तर आहेच. पण तुमच्यासाठी त्याहून मोठा धोका वेगळा आहे. गाडी साचलेल्या पाण्यात होती, हाच तर दुकानदाराचा बचाव आहे. तुमच्या सहीच्या क्लेम फॉर्मवर तेच वाक्य आले की त्याला दुसरा पुरावा शोधायला नको. पुढे प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेले तर तो फॉर्मच तिथे ठेवेल. खरे ते लिहून क्लेम केलात तरी फार आशा धरू नका. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत परिणामी नुकसान (एका बिघाडातून पुढे ओढवलेले नुकसान) आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. वर एक क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. विमा कंपनीला खरी हकीकत ई-मेलने कळवून लेखी उत्तर मागायला हरकत नाही, पण पैसे दुकानदाराकडूनच यायला हवेत.

सिलिकॉनलाही नकार द्या. वरून सिलिकॉन ओढल्याने गळती काही दिवस दबेल, काच मात्र त्याने बॉडीला धरली जाणार नाही. शिवाय तुमचा सगळ्यात चांगला पुरावा, म्हणजे अपुरी पडलेली सीलंटची पट्टी, त्या थराखाली झाकला जाईल. ‘काम समाधानकारक झाले’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे’ एवढेसुद्धा लिहू नका.

तुमचे सारे प्रकरण एका प्रश्नावर उभे आहे: पाणी वरून आले की खालून? सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. ‘काच बदलल्यावरच हे सुरू झाले’ एवढे सांगून भागत नाही. आणि पावसाळ्यातल्या मुंबईत ‘तुम्हीच पाण्यातून गाडी घातली’ हा बचाव चटकन पटण्यासारखा आहे, म्हणून तो हलक्यात घेऊ नका.

सुदैवाने पाणी आपली वाट दाखवून जाते. साचलेले पाणी दाराखालच्या कडेतून किंवा फ्लोअरच्या रबरी बुचांतून शिरते आणि गाळ ठेवून जाते. सीट सरकवण्याच्या पट्ट्यांवर, दाराच्या आतल्या खालच्या कडेला मातीची रेघ दिसते आणि बहुधा दोन्ही बाजूंचे कार्पेट भिजते. काचेकडून आलेले पाणी तुलनेने स्वच्छ असते. छताच्या अस्तराच्या कोपऱ्यावर डाग, काचेलगतच्या पिलरच्या प्लास्टिक कव्हरमागे ओघळ, डॅशबोर्डच्या मागे ओल, मग खाली कार्पेट, अशी त्याची खूण उतरत जाते. तुमच्याकडे एकाच बाजूचे कार्पेट ओले आहे, हे तुमच्या बाजूने बोलते. पण दुकानदाराचा वकील जरा जाणता असेल तर आणखी दोन वाटा सुचवेल: वायपरखालच्या जाळीत पाने अडकून पाणी तुंबले असेल, किंवा एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली असेल. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्याही. या सगळ्या वाटा तपासून नाकारल्याचे कागदावर यायला हवे.

म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये काम सुरू होण्याआधी तपासणी करून घ्या. जॉब कार्डवर ‘पाणी आत येते, ग्राहकाची तक्रार’ एवढेच लिहिलेले असेल तर ते तुमचेच म्हणणे झाले, त्यांचे नाही. त्यांनी स्वतः काय पाहिले ते लिहून मागा: पाणी कोणत्या कोपऱ्यातून येते, जाळी आणि एसीची नळी मोकळी आहे का, गाळाची खूण आहे का. काचेवर पाण्याची चाचणी घ्यायला सांगा. पाइपने बारीक धार आधी काचेच्या खालच्या कडेला, मग बाजूला, मग वर, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. व्हिडिओ नंबर प्लेटपासून सुरू करा आणि मध्ये न तोडता घ्या. त्यानंतर काच काढतानाही चित्रीकरण हवे. सीलंटची पट्टी कुठे तुटली आहे, जुना थर नीट न कापता त्यावरच नवा चढवला आहे का, बॉडीच्या कडेला पात्याचे ओरखडे आहेत का आणि ते प्रायमर न लावता सोडल्यामुळे गंजले आहेत का, हे सारे जवळून टिपा. काढलेली काच, क्लिपा, बदललेले कंट्रोल मॉड्यूल, काहीही भंगारात जाऊ देऊ नका. जुने भाग परत मिळाल्याची नोंद बिलावर करून घ्या. जमले तर परवानाधारक स्वतंत्र मोटार सर्व्हेअरचा अहवाल आणि त्याचे शपथपत्र घ्या. त्याची फी भरपाईत मागता येईल.

ही तपासणी दुकानदाराच्या पाठीमागे करू नका. त्याला आधी लेखी नोटीस द्या. वकिलाचीच नोटीस हवी असे नाही, तुमच्या साध्या मराठीतली चालते. काम कोणत्या तारखेला केले, किती पैसे दिले, काय बिघडले, किती रक्कम मागता, हे मुद्देसूद लिहा. तपासणीची तारीख, वेळ आणि ठिकाण कळवून ‘आपण स्वतः या किंवा आपला फिटर पाठवा’ असे निमंत्रण द्या. वापरलेल्या सीलंटचे नाव आणि बॅच विचारा. अर्ध्या तासात गाडी परत दिली, असे बऱ्याच तक्रारींत असते. पण काही सीलंट लवकर धरतात, काहींना कितीतरी जास्त वेळ लागतो. तुमच्या गाडीला दिलेला वेळ पुरेसा होता का, हा प्रश्न सीलंटच्या उत्पादकाने दिलेल्या वेळेवरूनच सुटतो. काचेवर आयएसआय चिन्ह आहे का, तेही पाहून ठेवा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका आणि पोहोचल्याचा पुरावा जपा. उत्तराला पंधरा दिवस पुरेत. तो आला नाही तर ठरल्या दिवशी तपासणी करून घ्या. तपासणीनंतर दुरुस्ती लांबवू नका. आपले नुकसान आवाक्यात ठेवण्यासाठी ग्राहकाने वाजवी पावले उचलायची असतात. गाडी वर्षभर कुजत ठेवली तर वाढलेल्या नुकसानाचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि मालकाचे नाव वेगळे असू शकते, तेव्हा नोटीस दोन्ही नावांनी काढा. चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर कायदेशीर नाव सापडते. नसेल तर यूपीआयचे पैसे कोणाच्या नावावर गेले ते पाहा. ते सहा हजार तुम्ही ऑनलाइन दिलेत, हे फार बरे झाले.

चिठ्ठीवरच्या त्या ओळीने खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेला हक्क दुकानदाराने एकतर्फी छापलेल्या वाक्याने जात नाही. कामातली उणीव ही कलम २(११) खालची ‘त्रुटी’ आहे. बिल न देणे, तसेच सदोष सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत परत करायला नकार देणे, या दोन्ही गोष्टी कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. पोलिसांत जायचे का, असे अनेकजण विचारतात. निष्काळजी काम हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, त्यात तिथे वेळ घालवू नका.

नोटिशीने काही झाले नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून आदेश निघत नाही, पण काही व्यावसायिक तेवढ्याने वठणीवर येतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दुकान कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे. तुमच्यासाठी तो मुंबई उपनगर जिल्हा आयोग, बांद्रा पूर्व. ऑनलाइन दाखल करायची तर ई-जागृती पोर्टल आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तुम्ही दुकानाला मोजलेल्या पैशांवर, ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, म्हणजे तुम्हाला शून्य. वकील देणे बंधनकारक नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, पण तितके थांबू नका. तक्रारीचा मसुदा कोणाला दाखवावासा वाटला तर मुंबई ग्राहक पंचायतीत मार्गदर्शन मिळते.

मागणी वास्तवातली ठेवा: काचेचे ९,५०० रुपये, दुरुस्तीचे प्रत्यक्ष बिल, तपासणी आणि टोइंगचा खर्च, डायलिसिसच्या फेऱ्या, व्याज, मानसिक त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासासाठी पाच लाख लिहिले की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिले जाते. सोबत शपथपत्र जोडा. व्हिडिओ आणि चॅटसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे, प्रमाणपत्रही द्या. आयोगापुढे पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर लागत नाहीत, तरी आक्षेपाला जागा कशाला ठेवायची? दुकानदाराला उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ही मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत लावावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला. आदेश होऊनही दुकानदाराने पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मध्येच तो तडजोडीला आला तर नाक मुरडू नका. दुरुस्तीचे बिल आणि काचेचे पैसे मिळत असतील, तर माझ्या मते ते घ्यावेत. तुमच्या घरात आजारपण आहे, आयोगाच्या तारखा त्यात भर घालतील. मात्र समझोता लेखी करा, पैसे बँकेतून घ्या आणि ‘पूर्ण वसुली मिळाली’ ही सही रक्कम खात्यावर दिसल्यावरच करा. त्याच दुकानात पुन्हा काच बसवून घेण्याची अट मान्य करू नका.

शेवटी एक छोटी बाब. काच निघाली की तिच्यावरचा फास्टॅग निकामी होतो. आताची काच काढण्याआधी तो ज्या बँकेचा आहे तिला कळवून बदली टॅग मागवून ठेवा. त्याचे शुल्क पडले तर पावती ठेवा आणि तेही मागणीत लिहा.