पहिली सेकंडहँड गाडी घेताय? आधी एवढं बघा

पहिलीच गाडी, तीही ऑनलाइन जाहिरात बघून, म्हणजे धाकधूक होणारच. पण जमेल तुम्हाला.

नवखी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती टोकनमध्ये. "अजून दोन पार्ट्या येतायत, पाच हजार टाकून ठेवा" असं कोणी फोनवर म्हणालं की सरळ नाही म्हणा. गाडी आणि मूळ आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

बघायला दिवसाउजेडी जा. इंजिन आधी तापवून ठेवू नका असं मालकाला सांगा, थंड गाडीच खरं बोलते.

मुंबईत मी आधी पाणी शोधतो, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती का ते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनी उचलून खाली हात फिरवा. कुर्ल्याला एक चकचकीत गाडी बघितली होती, आतून मस्त अत्तराचा वास. बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर भागावर मातीचा पट्टा. तिथूनच परत फिरलो.

कागदांचं थोडक्यात:
- आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हवाच.
- गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलंय का, ते ऑनलाइन दिसतं.
- गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करायला टाका.

आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच. स्कॅनर, कॉम्प्रेशन वगैरे तो बघेल, तुम्ही आत्ता त्यात पडू नका.