भटकंतीसाठी सुरी कोणती घ्यावी?

प्रश्न : पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर फळे कापणे, दोरी तोडणे, काटक्या तासणे एवढ्यासाठी न मिटणारी, उंची सुरी घ्यायची आहे. काय पाहावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाते ९-१० सेंटिमीटर लांब, सुमारे ३ मिलिमीटर जाड आणि मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेले असावे. कार्बन पोलादाला धार चटकन लागते. परंतु लिंबू कापून न पुसता ठेवलेले असे पाते लवकर काळवंडते आणि आपल्याकडच्या आषाढात गंजतेही, म्हणून १४सी२८एन यासारखे गंजरोधक पोलाद घ्यावे. चामड्याचे म्यान कोल्हापुरात मनाजोगते शिवून मिळेल (मोह होणारच!), पण ओल धरणारे चामडे पावसाळ्यात नकोच. राधानगरी अभयारण्यात मात्र शस्त्र नेण्यास लेखी परवानगी लागते. तेथे सुरी नेण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करावी.