घुमतंय कोण, ते आधी ओळखा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी घरीच धडे वाचून रेकॉर्ड करते. २०१४ साली घेतलेला कॉम्प्युटर (चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क) रेकॉर्डिंगमध्ये सारखा घुमतो. त्यावर विंडोज ११ सुद्धा चढत नाही. दुकानदार म्हणतो, सगळंच नवीन घ्या. भाचा म्हणतो, निम्मं सामान वापरता येईल. कोणाचं ऐकू? — एक वाचक, सांगली

उत्तर : बाई, दोघांचंही थोडं थोडं ऐका. पण पाकिटाला हात घालण्याआधी एक प्रयोग करा. दुपारी गल्ली निवांत असताना छताचा पंखा बंद करा. (तो गरगरत ठेवून कॉम्प्युटरला नावं ठेवणारी मंडळी मला रोज भेटतात.) कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून मशीन सुरू करा आणि पेन्सिलीचं खोडरबराचं टोक फॅनच्या मधल्या गोल चकतीवर हलकेच टेकवा. पात्यांना लावू नका. फॅन थांबेल. आवाज पडला, तर चोर सापडला. प्रोसेसरचा फॅन पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त अडवायचा नाही, आणि एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीत काहीही खुपसायचं नाही.

फॅन थांबवूनही घुमणं उरलं, तर संशय हार्ड डिस्कवर. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. तो कंप कॅबिनेटच्या पत्र्यात, पत्र्यातून टेबलात आणि टेबलावरच्या माइकच्या स्टँडमध्ये चढतो. यूपीएससुद्धा क्षणभर बंद करून पाहा. मी एकदा हौसेने दोन फॅन बदलले आणि मग कळलं, की घुमत होता तो टेबलाखालचा यूपीएस.

आता सामानाचं. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलायचेच. इथे दुकानदार खरा. तुमची रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची असणार. तिची खाच वेगळ्या जागी असते, नव्या बोर्डात ती बसतच नाही. प्रोसेसर ६५ वॉटचा आणि आतच ग्राफिक्स असलेला घ्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा फॅन दोन्ही टळतात. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तो नको.

कॅबिनेट मात्र टाकू नका, इथे भाचा खरा. मागे १२० मिलिमीटरचा फॅन बसतो का, तेवढं बघा. ८०चा छोटा फॅन तेवढीच हवा ढकलायला फार वेगाने फिरतो, आणि आवाज असतो तो वेगाचा. वेग निम्मा केला, तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर बसवायचा असेल, तर बोर्डापासून झाकणापर्यंतची जागा फूटपट्टीने मोजा. बरेच टॉवर १५ ते १६ सेंटिमीटर उंच असतात. अरुंद कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही आणि कूलर परत करायला पुन्हा दुकानाची पायरी.

एसएमपीएस जुना वापरू नका. इतक्या वर्षांत त्यातले कॅपॅसिटर थकलेले असतात. ‘आतला फॅन तेवढा बदलतो’ असं भाचा म्हणाला, तर त्याला अडवा. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहू शकतो.

मशीनमध्ये एसएसडी (आत काहीच न फिरणारी, म्हणून बिनआवाजाची डिस्क) बसवा. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल, तर यूएसबीच्या डबीत घालून कपाटात ठेवा. रेकॉर्डिंग उरकल्यावर रात्री जोडायची, दिवसभराचे धडे उतरवायचे, पुन्हा कपाटात.

शेवटी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन प्रोसेसर ६० अंश तापेपर्यंत फॅनचा वेग एकसारखा, कमी ठेवा. एकाच सुरातली हलकी घरघर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने बरीचशी निघते. त्यासाठी दर धड्याच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. वर-खाली होणारी घरघर मात्र त्याला नीट पकडता येत नाही. कॅबिनेट टेबलावरून खाली उतरवा आणि चारही पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. सायकलच्या दुकानात ते फुकट मिळतील.