ओआरएम कोणते, हे मुलीला ठरवू द्या

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या दूध संस्थेच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर करायचे, असा तिच्या चौघींच्या गटाचा प्रोजेक्ट आहे. त्यांना पायथन भाषेतील जँगो (वेब सॉफ्टवेअर बांधण्याची तयार चौकट) आणि त्याचेच ओआरएम (प्रोग्रॅम डेटाबेसशी जोडणारे साधन) वापरायचे आहे. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या म्हणतो की, जावा भाषा आणि तिचे ओआरएम हायबरनेट यांशिवाय चांगले पॅकेज मिळत नाही. नाहीतरी ओआरएम आले की एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) शिकावे लागत नाही, मग कंपन्यांना हवे तेच का शिकू नये? मी प्रोजेक्ट गाईडनाही फोन केला. आपण तिला समजवावे.
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वाधिक खटकला तो गाईडना केलेला फोन. मुलगी सज्ञान आहे, प्रोजेक्ट चौघींचा आहे, आणि तरीही तिला न विचारता तिच्या शिक्षकांशी आपण परस्पर बोललात. त्यामुळे उरलेल्या तिघींसमोर तिची काय स्थिती झाली असेल, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात की, हेच साधन का निवडले. "बाबांनी सांगितले" या उत्तराला तिथे गुण नाहीत आणि नोकरीच्या मुलाखतीत तर त्याहून कमी किंमत आहे. आपली काळजी खरी आहे, हे मी जाणतो. पण आपण तिच्याकडून काढून घेत आहात तो निर्णय घेण्याचा सराव, आणि या व्यवसायात पगार मिळतो तो त्याच सरावाचा.

आता आपल्या गैरसमजाकडे येतो. ओआरएम म्हणजे प्रोग्रॅममधील ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधील टेबले यांची सांगड घालणारे साधन. ते एसक्यूएल आपल्या वतीने लिहिते, पण ते चांगले लिहिले की वाईट, हे ओळखण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरचीच राहते. समजा, संस्थेचे 300 उत्पादक आहेत आणि दहा दिवसांचे बिल काढायचे आहे. निष्काळजीपणे लिहिलेला कोड उत्पादकांची यादी आणण्यासाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, पाठवतो आणि मग प्रत्येकाच्या सकाळ-संध्याकाळच्या संकलनासाठी एकेक, अशा 301 क्वेरी होतात. जँगोमध्ये 'प्रीफेच रिलेटेड' वापरले तर हेच काम दोन क्वेरींत होते, आणि केवळ रकमांची बेरीज हवी असेल तर 'ग्रुप बाय' असलेली, म्हणजे उत्पादकवार बेरीज करणारी, एकच क्वेरी पुरते. हायबरनेटमध्येही नेमका हाच दोष शिरतो आणि त्यावर 'जॉइन फेच'चा उपाय आहे. ज्या मुलीला एसक्यूएल येते तिला दोन्हीकडे तो दिसेल. जिला येत नाही तिला कुठेच दिसणार नाही. हायबरनेट 2001 मध्ये आले, जँगो 2005 मध्ये; पण दोन्ही ज्या टेबलांवर उभी आहेत ती रिलेशनल कल्पना, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्येच मांडली होती, आणि साधने बदलली तरी तीच टिकून आहे.

आपल्या पुतण्याचे म्हणणे खोटे नाही. मोठ्या जावा प्रणालींमध्ये, विशेषतः जुना, गुंतागुंतीचा डेटाबेस आधीच असेल तिथे, हायबरनेट उत्तम काम देते. पण इथे डेटाबेस नवा आहे, टेबले मोजकी आहेत, वेळ एका वर्षाचा आहे, आणि जँगोमध्ये मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतील बदल डेटाबेसमध्ये उतरवण्याची सोय) व ॲडमिनचे (माहिती भरण्या-बदलण्याचे) पडदे तयार मिळतात. गटाला पायथन येत असेल, तर माझे मत स्पष्टपणे जँगोच्या बाजूने आहे. फक्त रकमेसाठी फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा अपूर्णांक) न वापरता डेसिमल (अचूक दशांश) वापरावे, कारण बिलातील पैशांचा फरक उत्पादक लगेच पकडतात.

पुढच्या शिक्षणाचे म्हणाल, तर गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमात एसक्यूएल आहे, हायबरनेट नाही; सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पदविका अभ्यासक्रम केला तर हायबरनेट तिथे शिकता येईल.

म्हणून मुलीला समजावण्याचे काम मी करणार नाही. आपण गाईडना पुन्हा एक फोन करून निर्णय गटाचाच राहील असे कळवावे, आणि तसे केल्याचे मुलीलाही सांगावे. तिला काही विचारायचे असेल तर तिने स्वतः लिहावे. सोबत बिलाच्या पानासाठी ओआरएमने तयार केलेल्या सर्व क्वेरी जोडाव्यात, त्या मी काळजीपूर्वक पाहीन.