अभ्यासिकेतली हवा आणि मीटरचा आकडा

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत आमची अभ्यासिका आहे, चोवीस तास चालू. खोली २० बाय १५ फूट, उंची १० फूट, मुलं बारा. एसी आहे, पावसाळ्यात खिडक्या बंदच असतात. कार्बन डायऑक्साइडचा मीटर २१०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतो. एअर प्युरिफायर घेतला तर आकडा उतरेल का?

उत्तर: नाही. फिल्टर धूळ, धूर आणि विषाणू वाहणारे तुषारकण अडवतो. कार्बन डायऑक्साइड हा वायू, तो आरपार जातो. आकडा तोच राहील, पण सर्दी-खोकला पसरायचं प्रमाण मात्र कमी होईल. स्प्लिट एसी तर आतलीच हवा थंड करून फिरवतो.

आधी मीटर तपासा. तो एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइडच मोजणारा हवा. स्वस्त मीटर पुष्कळदा दुसरेच वायू मोजून अंदाजाने आकडा देतात. बरेच मीटर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तासांच्या अभ्यासिकेत इथेच फसगत होते: खोली कधी रिकामीच होत नाही, त्यामुळे मीटर हळूहळू कमी दाखवू लागतो. ही सोय बंद करा आणि मीटर वीस मिनिटं गच्चीवर, सावलीत, तोंडापासून लांब ठेवा. ४२० ते ४५० आला तर ठीक. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची सेटिंग असेल तर ५५० मीटर घाला; कोल्हापूरच्या उंचीवर ती न केल्यास आकडा पाच-सहा टक्के कमी येतो.

आता हवा किती बदलते ते मोजा. पहाटे मुलांना तासभर बाहेर काढा, खिडक्या-दारं नेहमीसारखीच ठेवा, पंखे चालू. बाहेरच्या ४२० पेक्षा तुमच्याकडे १६८० जास्त आहे. ते ३७ टक्क्यांवर, म्हणजे मीटर १०४० वर यायला लागलेला वेळ म्हणजे हवा एकदा बदलायचा वेळ. समजा ४० मिनिटं लागली, तर तासाला दीड वेळा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा सुचवलं, त्यात फिल्टरने स्वच्छ केलेली हवाही धरतात. तुमची खोली ८५ घनमीटर. उरलेले साडेतीन फिल्टरने भरायचे तर ताशी ३०० घनमीटर सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) असायला हवा. पण डब्यावरचा सीएडीआर सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कोण अभ्यास करणार? मग कोणीतरी बटण खाली करतो आणि निम्मी ताकद जाते. त्यापेक्षा दोन घ्या, मधल्या वेगावर चालवा. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारे), ओझोनवाले प्युरिफायर नकोत.

मुलांना ताजी हवाही लागतेच. समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, पाऊस असला तरी. एक्झॉस्ट लावलात आणि दार-खिडक्या घट्ट असल्या, तर तो नुसता घुमत राहतो.

प्रश्न: घराजवळ गुऱ्हाळ आहे. हंगामात चिपाडाचा धूर येतो. मग खिडक्या उघडायच्या की नाही?

उत्तर: धूर असेल तेवढा वेळ बंद, प्युरिफायर चालू, वारा फिरला की उघडा. धुराचा वास मात्र हेपा फिल्टर (प्युरिफायरमधला बारीक कण अडवणारा) काढत नाही, त्याला जाड कार्बनचा थर लागतो. चाचणी सोपी आहे: बंद खोलीत उदबत्ती लावा, विझवा, आणि धूळ मोजणाऱ्या मीटरवर पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते प्युरिफायर चालू आणि बंद ठेवून पाहा. दोन्हींत फरकच नसेल तर आधी फिल्टरवरचं प्लॅस्टिक काढलंय का बघा. हे खूपदा राहून जातं. चाचणी दमट दिवशी करू नका. लेझरचे मीटर बाष्पालाच धूळ समजतात.