विवेक शुद्ध राखणं आणि मन न खाणं, दोन्ही एकच का?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चर्चमधल्या तरुण मुलांसमोर बोलायचंय, तर 'शुद्ध विवेकभाव' म्हणू की 'स्वच्छ सदसद्विवेकबुद्धी', आणि घरी आपण म्हणतो ते 'माझं मन मला खात नाही' म्हणजे तेच ना?

पहिलं चटकन सांगतो. सत् अधिक असत् म्हणून सदसद्विवेक, 'सद्सद्' लिहिलं की त्यातलं असत् गळून पडतं आणि निवडायला काही उरतच नाही. मराठी बायबलात मात्र बऱ्याच ठिकाणी 'विवेकभाव' आहे आणि मुलांच्या कानावर तोच शब्द पडलेला असतो, तेव्हा तोच घ्या. गोव्याकडचे कॅथलिक कोंकणीत 'अंतस्कर्न' म्हणतात, कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जायच्या आधी ते तपासायचं असतं, तोही शब्द मला फार आवडतो कारण त्यात नुसती बुद्धी नाही, आख्खा आतला माणूस येतो.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. 'मन खातं' हे अगदी बायबलच्या जवळचं मराठी आहे, जुन्या करारात दाविदाने त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा काठ गुपचूप कापला आणि नंतर त्याचं मन त्याला टोचायला लागलं, तिथे हिब्रूत शब्द 'हृदय' असाच आहे. पण उलट बाजूने ते चालत नाही बघा. मन खात नाही म्हणजे विवेक शुद्ध आहे असं होत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल अशा लोकांबद्दल बोलतो ज्यांच्या विवेकाला तापल्या लोखंडाने डागलंय, आणि डागलेल्या जागेला टोचलेलं काय कळणार? आपल्याकडचंच घ्या, बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारा पहिल्या सीझनला थोडा चाचरत असेल, पुढे त्याचा हात सराईत होतो, मन खायचं कधीच बंद झालेलं असतं आणि तो शांत झोपतो. त्याला शुद्ध विवेक म्हणायचं का? आणि पौल स्वतःबद्दलही करिंथकरांना लिहितो की मला माझ्यात दोष दिसत नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे.

म्हणून माझा आग्रह 'राखणे' या क्रियापदावर आहे. प्रेषितांची कृत्ये २४:१६ मध्ये सुभेदार फेलिक्सपुढे उभा राहून पौल म्हणतो की देवापुढे आणि माणसांपुढे माझा विवेक शुद्ध राहावा म्हणून मी सतत झटतो. तिथलं ग्रीक क्रियापद आहे 'आस्केओ', म्हणजे सराव करणं, मेहनत घेणं, आणि 'शुद्ध'साठी जो शब्द आहे 'अप्रोस्कोपोस' त्याचा मूळ अर्थ ठेच न लागणारा किंवा दुसऱ्याला ठेच न लावणारा. म्हणजे ही रोज करायची गोष्ट झाली, एकदा मिळाली आणि कपाटात ठेवली असं नाही. त्यात 'माणसांपुढे' पण आहे हे मुलांना नक्की सांगा, रापणीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातल्या मासळीचा, वाटा करताना कुणाला कमी गेला असेल तर नुसती प्रार्थना करून भागत नाही, तो वाटा त्याच्या घरी पोचवावा लागतो, लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत द्यायला निघाला होता ना! आणि ज्यांच्या हातून मोठी चूक झालीय त्यांच्यासाठी इब्री लोकांस पत्राचा ९:१४ आहे, ख्रिस्ताचं रक्त विवेक शुद्ध करतं, माणसाने स्वतःला घासून घासून ते होत नाही. हे सांगितलं नाही तर मुलं उगाच घाबरतील.

किनाऱ्यावरच्या मुलांना १ तीमथ्य १:१९ वाचून दाखवा, चांगला विवेक झुगारला म्हणून काही जणांच्या विश्वासाचं तारू फुटलं असं तिथे आहे, मालवण-वेंगुर्ल्यात तारू फुटणं समजावून सांगावं लागणार नाही.

तर भाषणाच्या मथळ्यात 'विवेकभाव शुद्ध राखणे' लिहा, बोलताना 'मन साफ ठेवणं' चालेल, 'मन खात नाही' मात्र त्याच अर्थाने वापरू नका.